सहा बटणांची जीप

मी शाळेत विज्ञान शिकवतो. फ्यूज म्हणजे काय, तो का बसवायचा, त्याची तार ठरावीक जाडीचीच का हवी, हे दहावीच्या वर्गाला सांगता सांगता माझी निम्मी नोकरी झाली. फळ्यावर आकृतीसुद्धा बरी काढतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की बिचाऱ्याला ठाऊक नसेल. मला सगळं ठाऊक होतं.

शाळा हिंगोलीकडच्या गोरेगावला आणि घर जवळच्या साखरा गावी. दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी फोर-बाय-फोर डिझेल जीप घेतली. घरी सांगितलं की पावसाळ्यात शेताकडच्या पांदणीच्या वाटेनं दुसरं काही जात नाही. ते खोटं नव्हतं. आमच्या काळ्या रानात मोटारसायकलच्या मडगार्डात इतका चिखल भरतो की चाक फिरायचंच थांबतं. पण खरं कारण मोबाईल होता. दगडधोंड्यांवरून माकडासारख्या चढणाऱ्या जीपा, त्यांच्या टपावरचे लांबलचक दिवे, आणि डॅशबोर्डवर विमानात असावीत तशी बटणं, हे सगळं मी रोज जेवताना बघायचो. माझ्या वाटेवर चढ म्हणावा असा एकच नाल्याचा काठ. तरीही मी मोठे टायर घातले, स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी चार बोटं वर उचलली आणि टपावर दिव्यांची पट्टी बसवली. बायको म्हणाली, "आता चढायला शिडी बी घ्या." मी शिडी घेतली नाही, पण पायरी बसवली.

जीप घेतली तेव्हा तिची बॅटरीच चार्ज होत नव्हती. ते काम गोरेगावच्या मिस्त्रींनी केलं. प्रवासी वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा जिथं उभ्या राहतात, त्याच्या समोर पत्र्याचं एक शेड आहे. आत चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी आणि मध्ये पोत्यावर बसलेले मिस्त्री. साठी ओलांडलेली, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. सेनगाव-हिंगोलीच्या फेऱ्या मारणारा प्रत्येक ड्रायव्हर दिव्याचं, हॉर्नचं, बॅटरीचं काम त्यांच्याकडंच करायचा. काम झालं की मिस्त्री सगळी बटणं चालू करून ठेवत, आणि चहा संपेपर्यंत गाडी सोडत नसत. मग डोळे मिटून वायरीवरून हात फिरवत. हाताला वायर ऊन लागली की म्हणत, "कच्चं हाय," आणि ती सगळी उपसून पुन्हा टाकत. घाई असलेला ड्रायव्हर वरून कितीही ओरडला तरी त्यांचा हात मध्ये उठायचा नाही.

मी त्यांना सांगितलं होतं की मला सहा बटणांचा पॅनल बसवायचाय. ते म्हणाले, "माझ्याकडं आना सर. स्विचनं नुसता हुकूम द्यायचा असते, करंट रिलेनं न्यायचा. परत्येक लाईनला येगळा फ्यूज लागते."

मी हसलो. मलाच शिकवतोय, असं मनात आलं. "मिस्त्री, तेच तर शिकवतो मी," असं म्हणून मी जीप काढली. खरं तर तिथंच माझे कान कुणीतरी पिळायला हवे होते.

पॅनल पार्सलनं आला. दिवाळीच्या सुट्टीत अंगणातल्या लिंबाखाली गाडी लावून मी कामाला बसलो. बायकोनं चिठ्ठ्या लिहून दिल्या: समोरचा दिवा, मागचा दिवा, भोंगा, पंप. उरलेल्या दोन बटणांखाली तिनं काहीच लिहिलं नाही. "रिकामी बटनं कशाला बसवून राहिले?" म्हणाली. मी म्हटलं, पुढं लागतील. अजून लागलेली नाहीत.

दिवे जमले, भोंगाही वाजला. गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बसली होती आणि मी प्रत्येक बटण दाबून दाखवत होतो, जणू वीज मीच शोधून काढली. आता राहिला होता टायरात हवा भरायचा पंप. तो विजेचा खादाड. बटण दाबलं की पंप घरघरे आणि क्षणात फ्यूज उडे. दुसरा घातला, उडाला. तिसराही उडाला. उडतोय म्हणजे पंप या लाईनला झेपत नाही, त्याला मोठा फ्यूज आणि तेवढीच जाड वायर हवी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण जाड वायर आणायला सेनगावला जावं लागणार होतं. फ्यूज संपले होते. आणि ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "सर, कायले तकलीफ घेता? मिस्त्रीले बोलवा."

ते ऐकून माझं डोकं फिरलं.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. शेतातल्या मोटारीच्या पेटीत फ्यूज उडाला की कुणी फ्यूजची तार आणायला गावात जात नाही. पिकाला पाणी सोडलेलं असतं, वीज किती वेळ राहील याचा भरवसा नसतो. हाताशी असलेली वायर दातानं सोलायची, तांब्याच्या चार-पाच तारा पिळायच्या आणि बसवून मोकळं व्हायचं. मग तो फ्यूज पुन्हा उडत नाही, जळाली तर मोटार जळते. वडील असंच करायचे. मीही पुष्कळ वेळा केलंय, अगदी वर्गात फ्यूज शिकवून आलेल्या दिवशीसुद्धा. वर्गातली वीज वेगळी आणि शेतातली वेगळी, अशा दोन विजा माझ्या डोक्यात सुखानं नांदत होत्या, आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

मी वायरीचा तुकडा सोलला, तारा पिळल्या आणि फ्यूजच्या जागी दाबून बसवल्या. पंप चालला. ओट्यावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. मी स्वतःला सांगितलं की पुढच्या आठवड्यात सेनगावहून जाड वायर आणि नीट फ्यूज आणू. पुढचा आठवडा आला आणि गेला, त्याच्या पुढचाही. पंप चालत होता ना.

मधल्या काळात बॅटरीची एक वायर ढिली झाली म्हणून मी गाडी मिस्त्रींकडं नेली होती. त्यांनी बॉनेट उघडून ती घट्ट केली, तिला नवं टोक बसवलं. बटणांकडं बघून म्हणाले, "पाहू का आतून?" मी म्हटलं, "नको, झालंय सगळं." त्यांनी जास्त आग्रह केला नाही.

गोरेगावच्या बाजाराचा दिवस होता. शाळा सुटून मी घराकडं निघालो, तर स्टँडवर एका काळी-पिवळीचं मागचं चाक बसलेलं. आत बाजार करून निघालेली माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि ड्रायव्हर कपाळाला हात लावून उभा. माझ्यासारख्याला आणखी काय हवं? मी गाडी त्याच्या शेजारी लावली, नळी सोडली आणि म्हटलं, "बसा निवांत, मी भरून देतो." माणसं गोळा झाली. मी डॅशबोर्डवरचं बटण असं दाबलं की सगळ्यांना दिसावं. पंप चालू झाला. चाक मोठं होतं आणि हवा भरायला वेळ लागत होता. तेवढ्या वेळात मी उभ्या उभ्या लोकांना कुठलं बटण कशाचं ते सांगत होतो.

आधी वास आला. मग पॅनलच्या मागून धुराची बारीक रेघ निघाली, आणि बघता बघता डॅशबोर्डच्या सगळ्या फटींतून काळा धूर यायला लागला. मी बटण बंद केलं, किल्ली काढली, तरी थांबेना. काळी-पिवळीतली माणसं आरडाओरडा करत खाली उतरली. मी नुसता उभा होतो. समोरच्या शेडातून मिस्त्री पाना हातात घेऊन पळत आले, बॉनेट वर केलं आणि बॅटरीचं टोक सैल करून उपटलं. ड्रायव्हरांनी ओंजळीनं माती टाकली. धूर हळूहळू थांबला. कुणाला काही झालं नाही, जीपही वाचली. जळाली ती माझी सगळी वायरिंग.

आणि मग मी बोललो. आभार नाही, काही नाही. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "मिस्त्री, आत्ताच तर तुमच्याकडून वायर नीट करून नेली होती ना!"

सगळ्या ड्रायव्हरांनी ऐकलं. बाजाराला आलेल्यांनी ऐकलं. शाळेतली काही पोरंही तिथंच उभी होती. मिस्त्री पुढं झाले. त्यांनी डॅशबोर्डखाली डोकं घातलं, बराच वेळ चाचपून पाहिलं, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. त्यांनी मूठ माझ्यापुरती जराशी उघडली. पिळलेल्या तांब्याच्या तारा होत्या.  आता हा सगळ्यांसमोर ते दाखवणार आणि माझी अब्रू पुरती जाणार, हे मला स्वच्छ दिसलं.

मिस्त्रींनी मूठ बंद केली. वळून लोकांना म्हणाले, "ढिलं ऱ्हायलं असंल माझ्याकडून. होते कधी कधी."

मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मान खाली घालून नळी गुंडाळायला लागलो.

जीप ट्रॅक्टरमागं बांधून घरी आणली आणि बायकोला सांगितलं की वायरिंग जळाली, मिस्त्रीचं काहीतरी ढिलं राहिलं होतं, त्यांनी स्वतःच कबूल केलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून तिनं विचारलं, "अन् ती तार?"

"कोणती तार?" मी म्हटलं.

ती पुन्हा लाटायला लागली. त्या दिवशी तिनं मला वाढलं, पण समोर बसली नाही.

पंधरा दिवसांत गोष्ट पसरली. मी एका शब्दानंही पसरवली नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. ड्रायव्हर आपसात बोलायचे ते मला स्टँडवर ऐकू यायचं. मिस्त्रीची नजर अधू झाली. मिस्त्रीचा हात कापतो. त्या दिवशी माणसं भरलेली गाडी शेजारीच होती, पेटली असती तर काय झालं असतं? प्रवासी वाहणाऱ्या गाडीला असली जोखीम कोण घेईल, हे त्यांचं बोलणं तसं बरोबरच होतं. एकेक करून त्यांनी दिव्या-बॅटरीची कामं सेनगावला न्यायला सुरुवात केली. शेडासमोर गाड्यांची रांग असायची, तिथं दुपारी शेळी बसलेली दिसायला लागली.

आणि मी आणखी एक केलं, जे पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिल्या वेळी निदान घाबरलो होतो. आमच्या मुख्याध्यापकांना गाडीचं काम करायचं होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला सहज विचारलं, "काय हो सर, मिस्त्रीकडं टाकावी का गाडी? तुमचा अनुभव काय?" मी खडूची बोटं झटकत म्हटलं, "माणूस चांगला आहे. पण वय झालं आता त्यांचं."

कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती. ते वाक्य मी अगदी आरामात आणि दयाळू चेहरा करून बोललो. स्वतःचा असा राग मला आयुष्यात दुसऱ्यांदा आला नाही.

जीप महिनाभर अंगणात उभी होती. शेवटी दोरी लावून ट्रॅक्टरनं ओढत मिस्त्रींच्या शेडात नेली. दुसरीकडं नेली असती तर तिथल्या मिस्त्रीला जळलेली वायरिंग बघून सगळं कळलं असतं. या मिस्त्रींना ते आधीच ठाऊक होतं. माझं धाडस म्हणजे एवढंच. शेडात दुसरं काही काम नव्हतं. त्यांनी माझी सगळी वायरिंग उपसून काढली आणि नव्यानं टाकायला घेतली. पंपाला जाड वायर थेट बॅटरीपासून, मध्ये रिले, बॅटरीपासून हातभर अंतरावर फ्यूज. मी शेजारी विटेवर बसून होतो. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही असं का बोललात?"

"तुमची पोरं हुभी होती तिथं," ते काम न थांबवता म्हणाले. "मिस्त्री चुकला तं लोक म्हनतात चुकला. मास्तर चुकला तं पोरं उद्या वर्गात हासतीन. मले वाटलं, दोन दिवस बोलतीन अन् इसरतीन."

मी खाली पडलेला वायरीचा तुकडा उचलून बोटांत फिरवत बसलो.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून पत्र्यावर कसलीशी खूण केली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "चूक घेतली म्या माझ्यावर, मान्य हाय. पन वय झालं, हे काहून सांगितलं सर तुमी? ते तं म्या घेतलं नव्हतं."

म्हणजे मुख्याध्यापकांकडून ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. शरमेनं कान तापतात म्हणतात, माझे खरोखर तापले होते. मी म्हटलं, "मी सगळ्यांना सांगतो. आजच सांगतो." मिस्त्री म्हणाले, "सांगा." तेवढंच. नको म्हणाले नाहीत, राहू द्या म्हणाले नाहीत. तेव्हा मला कळलं की त्यांना ते किती हवं होतं. महिनाभर ते या एका वाक्याची वाट बघत पोत्यावर बसले होते.

मी उठलो, रस्ता ओलांडला आणि स्टँडवर गेलो. पाच-सहा ड्रायव्हर चहाच्या टपरीसमोर उभे होते. मी त्यांना सांगितलं. काही लपवलं नाही: पॅनल घरी बसवला ते, फ्यूज उडत होता ते, तांब्याच्या तारा पिळून घातल्या ते, मिस्त्रींनी त्या मुठीत लपवल्या ते.  मला वाटलं, आता हे हसतील, शिव्या देतील, शाळेपर्यंत जाईल. जाऊ दे. मनाची तयारी केली होती.

 मग त्यांच्यातला सगळ्यात वयस्क ड्रायव्हर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, आमाले समजते. म्हाताऱ्याचं काम बसलं, तुमाले पाहवत न्हाई."

"तसं नाही," मी म्हटलं. "चूक माझीच आहे."

"फ्यूज शिकवनारा मानूस फ्यूजात तार घालंल व्हय?" दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. माझ्यावर नव्हे, माझ्या भोळेपणावर हसावं तसं. मी आईची शपथ घेतली. त्यावर तर त्यांच्या चेहऱ्यावर आणखी आदर आला. एवढी खोटी शपथ दुसऱ्यासाठी कोण घेतो?

मी रस्त्यापलीकडं वळून ओरडलो, "मिस्त्री, तुम्ही सांगा यांना!"

मिस्त्री शेडाच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "सर म्हनतात ते बराबर हाय. तार होती."

तेव्हा माझ्या शेजारचा ड्रायव्हर हळूच पुटपुटला, "पाहा, म्हातारा बी आता सरच्या चांगुलपनावर हात धुवून घेऊन राहिला."

ते वाक्य मिस्त्रींना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. ते आत गेले आणि पोत्यावर बसले. महिन्यापूर्वी त्यांचा नुसता हात चुकल्याची चर्चा होती, आता ते लबाडही झाले. आणि हे मी सत्य सांगून केलं होतं. ज्या दिवशी ते सांगण्याला अर्थ होता, त्या दिवशी मी नळी गुंडाळत होतो.

कुणीतरी माझ्या हातात चहा दिला. ज्याचा मुलगा माझ्या वर्गात आहे असा एक ड्रायव्हर पुढं आला, त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "असे मास्तर न्हाईत आता सर." मी त्याच्याकडं पाहिलं, आणि जे झालं ते इथं लिहितो, कारण तोंडानं मी ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मला बरं वाटलं. समोरच्या शेडात ते पोत्यावर बसलेले दिसत होते, आणि तरी मला बरं वाटलं. मी तो चहा सगळा प्यालो.